ओळखीच्या टेकडीचे फोटो तेच ते का येतात? या चुका टाळा

पुण्याच्या आसपास टिपण्यासारखे आता काही उरले नाही, अशी तक्रार निसर्गचित्रे काढणाऱ्यांकडून वारंवार ऐकू येते. वेताळ टेकडी झाली, पर्वती झाली, सिंहगड तर असंख्य वेळा झाला, तेव्हा आता ताम्हिणी गाठावी नाहीतर हिमालय, असा एकूण सूर असतो. मला ही तक्रार पटत नाही. फोटो एकसारखे येण्याची कारणे बहुतेक वेळा आपल्याच सवयींमध्ये सापडतात आणि ती थोड्या तपासाने दूर करता येतात.

हा तपास जुन्या फोटोंपासून सुरू करावा. एकाच जागेचे सर्व फोटो संगणकावर एकत्र उघडावेत आणि प्रत्येक फाइलसोबत आपोआप नोंदलेली वेळ, महिना आणि फोकल लेंथ (लेन्स किती रुंद किंवा किती जवळचे दृश्य दाखवते, ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा) पाहावी. बहुतेकांना असे दिसते, की नव्वद टक्के फोटो रविवारी सकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, पावसाळ्यात किंवा थंडीत, २४ मिलिमीटरच्या आसपास आणि टेकडीच्या माथ्यावरूनच काढलेले आहेत. नेमके काय बदलायचे, हे ही यादीच सांगते.

सूर्य कुठे मावळतो, हे न पाहता निघणे

सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो, एवढ्या माहितीवर निघणाऱ्याच्या हाती वर्षभर तीच फ्रेम लागते. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १८.५ अंश उत्तरेला, सूर्यास्ताचा बिंदू जूनमध्ये पश्चिमेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे आणि डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेकडे सरकतो. वर्षभरातील हा पन्नास अंशांचा प्रवास फार मोठा आहे. जूनमध्ये ज्या डोंगराच्या मागे सूर्य उतरतो, तोच डोंगर डिसेंबरमध्ये बाजूने उजळतो आणि त्याच्या घळी व कडे प्रथमच ठळक दिसू लागतात.

याचे एक उपयुक्त उदाहरण सिंहगडाचे आहे. पर्वतीवरून सिंहगडामागे मावळणारा सूर्य टिपण्याची अनेकांची इच्छा असते, परंतु तिथून गड नैऋत्येला, पश्चिमेपासून पन्नासहून अधिक अंश दक्षिणेकडे दिसतो आणि सूर्य तिथपर्यंत कधीच पोहोचत नाही. कात्रजच्या जुन्या घाटावरच्या डोंगरावरून मात्र तोच गड पश्चिमेच्या थोडा दक्षिणेकडे येतो, आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य त्याच बाजूला उतरतो. म्हणजे विषय न बदलता केवळ उभे राहण्याची जागा आणि महिना बदलला, की पूर्वी अशक्य असलेले चित्र शक्य होते. सूर्याची दिशा दाखवणारी ॲप मोबाइलवर सहज मिळतात. निघण्यापूर्वी ती पाच मिनिटे पाहावीत.

चंद्रासाठी घरातली दिनदर्शिका पुरते. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, त्यामुळे तो जरा वर येईपर्यंत जमीन काळवंडते आणि चंद्र पांढरा ठिपका होऊन बसतो. आदल्या संध्याकाळी तो सूर्यास्तापूर्वीच, बहुधा पाऊण तासाच्या आसपास आधी, वर येतो आणि त्या वेळी जमिनीवरचा प्रकाश व चंद्राचा प्रकाश एका एक्स्पोजरमध्ये (एका फोटोसाठी कॅमेऱ्यात घेतलेल्या उजेडाच्या प्रमाणात) बसतात.

माथा आणि वाइड लेन्स यांचीच सवय

पर्वती ते सिंहगड हे सरळ रेषेतील अंतर साधारण १७ किलोमीटर आहे. फुल फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स लावली, तर त्या अंतरावर सुमारे २५ किलोमीटर रुंदीचा प्रदेश फ्रेममध्ये येतो आणि गड एक बारीक उंचवटा बनतो. २०० मिलिमीटरला हीच रुंदी तीन किलोमीटरवर येते. मग गड, त्याच्या अलीकडच्या डोंगररांगा आणि त्यांच्या मधली धुक्याची किंवा धुळीची पट्टी असे एकामागे एक थर दिसू लागतात. डोळ्यांना जे भव्य वाटले ते फोटोत हरवले, या नेहमीच्या निराशेचे कारण अनेकदा एवढेच असते.

वाइड लेन्स वापरायचीच असेल, तर जवळचा विषय लागतो, आणि तो टेकडीवर भरपूर आहे. काळा बसाल्ट, त्यावरचे पावसाळी शेवाळ, वेताळ टेकडीच्या खाणीत साठलेले पाणी यांपैकी कशाच्याही जवळ, गुडघ्याइतक्या उंचीवर कॅमेरा आणला, की अग्रभाग आपोआप तयार होतो. अशा वेळी सर्व काही स्पष्ट यावे म्हणून एफ २२ (लेन्सचे छिद्र अगदी लहान करणारा आकडा) वापरण्याचा मोह टाळावा, कारण इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि संपूर्ण चित्र मऊ पडते. एफ ८ ते एफ ११ बहुधा पुरेसे असते.

माथ्यावरून खाली पाहण्याऐवजी पायथ्यावरून माथ्याकडेही पाहावे. पर्वतीवरून शहर सर्वजण टिपतात. तळजईच्या बाजूने पर्वतीची टेकडीच विषय म्हणून पाहणारे त्या मानाने कमी असतात.

हवेला दोष देऊन कॅमेरा गुंडाळणे

घराजवळच्या जागेचा खरा लाभ असा, की हवामान मनासारखे झाले की तासाभरात तिथे पोहोचता येते. हा लाभ सोडून केवळ सुट्टीचा दिवस पाहून बाहेर पडणे, ही मला सर्वांत महाग पडणारी चूक वाटते. एप्रिल-मेमध्ये दुपारी वळीव कोसळून संध्याकाळी उघडीप मिळाली, तर धूळ खाली बसलेली असते, पश्चिमेकडे ढगांचे मनोरे उभे असतात आणि एरवी पुसट दिसणारे डोंगर अगदी स्वच्छ दिसतात. ती संध्याकाळ मंगळवारी आली तरी कामावरून परस्पर टेकडी गाठावी. सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस ओसरताना, असेच काही दिवस मिळतात.

थंडीतील सकाळच्या धुरकटपणाचे निदान वेगळे आहे. रात्री जमीन थंड होते, थंड जड हवा नदीच्या खोऱ्यात साचते आणि धूर व धूळ तिच्यातच अडकून राहतात. ही हवा प्रकाशाच्या दिशेने पाहिल्यास सोन्यासारखी दिसते आणि सूर्याकडे पाठ केल्यास फक्त राखाडी दिसते. म्हणून अशा सकाळी टेलिफोटो (लांबचे जवळ आणणारी लेन्स) लावून सूर्याच्या बाजूलाच पाहावे आणि सूर्य वर येऊन रंग उडण्यापूर्वी काम संपवावे.

उन्हाळ्यात दुपारी लांबचा फोटो ट्रायपॉडवरूनही अस्पष्ट आला, तर लेन्स तपासायला नेण्याची घाई करू नये. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि तिच्यातून येणारी प्रतिमाही थरथरते. महागडी लेन्स यावर उपाय ठरत नाही. सूर्योदयाची वेळ ठरते.

पावसाळ्यात वेगळी अडचण येते. आकाश पांढरे जळते आणि हिरवा रंग सपाट दिसतो. तेव्हा आकाश फ्रेममधून बहुतांशी वगळावे, हिस्टोग्रामची (फोटोतील उजेडाचे वाटप दाखवणाऱ्या आलेखाची) उजवी कड पाहत एक्स्पोजर कमी करावे आणि पोलरायझर हा फिल्टर लावून ओल्या पानांवरची चमक काढावी. ढगाळ हवेतही तो हे काम करतो. नंतर संगणकावर हिरव्याची तीव्रता वाढवण्याची गरजच राहत नाही.

हिरवाई संपली की हंगाम संपला, असे समजणे

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टेकड्यांवरचे गवत पिकते आणि तिरप्या उन्हात पेटल्यासारखे दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा व सावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात आणि गिरिपुष्पाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, फिकट गुलाबी फुलांनी उतार भरून जातात. हे झाड बाहेरून आणून लावलेले आहे, याबद्दल माझ्याही मनात नाराजी आहे. तरीही आजच्या टेकडीचे प्रामाणिक चित्र त्याला वगळून होत नाही. मे महिन्यात खडकवासल्याचे पाणी मागे हटते आणि एरवी न दिसणारा चिखलाचा, भेगाळलेला काठ उघडा पडतो. पावसाळ्यात धरणातून विसर्ग सुरू झाला, की मुठेचे पात्र वेगळेच रूप घेते. ते पुलावरून किंवा घाटाच्या वरच्या कडेवरूनच टिपावे आणि पात्रात उतरू नये, कारण विसर्ग वाढला की पाणी झपाट्याने चढते.

नवा कोन मिळवण्यासाठी ड्रोन घेण्याचा विचार असल्यास, आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरील नकाशा पाहावा. लोहगावचा विमानतळ, खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आणि शहरातील इतर लष्करी आस्थापना यांच्यामुळे पुण्याच्या मोठ्या भागावर उड्डाणाचे निर्बंध आहेत. प्रबोधिनीच्या हद्दीकडे तर साधा कॅमेरा रोखण्यापूर्वीही तिथला फलक वाचावा.