फी भरण्याआधी विमानाच्या चाकाखालचं गवत बघा

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. नागपूर, वर्धा, यवतमाळ, भंडारा, कुठून कुठून आईवडील विचारतात, "सर, पोराला पायलट करायचं, कोणती अकॅडमी चांगली?" वाईट याचं वाटतं की यातले निम्मे फोन पैसे भरून झाल्यावरचे असतात. मी काही वर्षं फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होतो, आता नागपुरात नेव्हिगेशन आणि मेट, म्हणजे हवामानशास्त्र, शिकवतो. दरवर्षी मुलं नवी येतात, चुका मात्र त्याच असतात. आणि त्यात बुडणारा पैसा कुणाच्या तरी शेताचा, प्लॉटचा, नाहीतर पीएफचा असतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

एकरकमी फी भरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून आधी तीच.

हिंगणघाटचे एक कापूस व्यापारी माझ्याकडे फाइल घेऊन आले होते. मुलाला परराज्यातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये घातलं होतं. शाळेने सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत पूर्ण फी भरली तर दोन लाखांची सूट." यांनी एक प्लॉट विकला, वरचं कर्ज काढलं आणि चौतीस लाख एका दमात भरले. चौदा महिन्यांनी मुलाच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, तास होते एक्केचाळीस. लायसन्सला लागतात दोनशे. "सर, पोरगं रोज फोनवर सांगून राहिलं, इंजिन येऊन राहिलं, इंजिन येऊन राहिलं," ते म्हणाले. "चौदा महिने झाले जी. कोठून येऊन राहिलं ते इंजिन?"

मी त्यांच्याबरोबर तिथे गेलो. माहितीपत्रकात आठ विमानं लिहिली होती आणि एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, खरंच आठ उभी होती. उडत होती दोन. एकाचा प्रोपेलर काढून नेलेला, त्या जागी पोतं बांधलेलं. एका सेसनाच्या काउलिंगच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) तोंडातून साळुंकीच्या घरट्याच्या काड्या बाहेर लोंबत होत्या. तिसऱ्याचं टायर बसलेलं, रबराला भेगा, आणि चाकाभोवती ॲक्सलपर्यंत गवत. खाली वाळलेलं पिवळं, त्याच्यातून वर आलेलं हिरवं. मी मुलाशी बोलत होतो, तेवढ्यात हे गृहस्थ खाली वाकले, गवत बोटांनी बाजूला केलं आणि म्हणाले, "हे दोन पावसाळ्याचं आहे." शेतीत आयुष्य गेलेला माणूस, त्यांना ते एका नजरेत कळलं. फी भरण्याआधी एकदा इथे येऊन उभे राहिले असते तर तेव्हाही कळलं असतं.

करारात 'कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही' असं लिहिलेलं होतं आणि खाली त्यांची सही होती. आठ महिने पत्रं, वकील, खेटे. अकरा लाख परत आले. मुलाने पुढे दुसरीकडे लायसन्स पूर्ण केलं, पण मधली अडीच वर्षं गेली ती गेलीच.

माझं सरळ म्हणणं आहे: वीस-पंचवीस तासांपेक्षा जास्त पैसे एका वेळी कुणालाही देऊ नका. तेवढे उडून झाले की पुढचे द्या. शाळा नाही म्हणाली तर नमस्कार करून बाहेर पडा. ज्याची विमानं रोज उडतात त्याला तुमचे दीड वर्षानंतरचे पैसे आज लागत नाहीत. करारात परताव्याचं कलम शोधा आणि ते वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

माहितीपत्रकावरून शाळा निवडणं

शाळा बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. ट्रेनिंगचं उड्डाण सकाळी होतं, हवा शांत असते तेव्हा. म्हणून आदल्या रात्री पोचा, मुक्काम करा आणि आठवड्यातल्या साध्या दिवशी सहाला गेटबाहेरच्या टपरीवर बसा. चहा घ्या, पोहे खा आणि नऊपर्यंत किती टेक-ऑफ होतात ते मोजा. टपरीवर कॅडेट येतातच. त्यांना तीनच प्रश्न विचारा: कधी आलास, किती तास झाले, शेवटची सॉर्टी (ट्रेनिंगचं उड्डाण) कधी झाली? मग आत जा आणि चाकं बघा.

त्यानंतर एक त्रैराशिक मांडा. समजा खरोखर उडणारी विमानं दहा आणि प्रत्येक विमान महिन्याला साठ तास उडतं. झाले सहाशे तास. कॅडेट साठ असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला दहा तास. म्हणजे दोनशे तासांना वीस महिने, आणि तेही पावसाळा न धरता. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ढग इतके खाली असतात की शिकाऊ मुलांचे कित्येक दिवस कोरे जातात. डिसेंबर-जानेवारीत धानपट्ट्यात सकाळचं धुकं असतं. 'बारा महिन्यांत पायलट' असं कुणी म्हणालं तर हाच हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडा आणि तो काय उत्तर देतो ते बघा.

इन्स्ट्रक्टर मोजताना एफआय (पूर्ण इन्स्ट्रक्टर) किती आणि एएफआय (असिस्टंट इन्स्ट्रक्टर) किती हे वेगवेगळं विचारा. पहिल्या सोलोला, म्हणजे मुलाच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाला, सोडण्याचा अधिकार एएफआयला नसतो. एखाद्या शाळेत सीएफआय (चीफ इन्स्ट्रक्टर) आणि जेमतेम एखादा एफआय असतो, आणि सोलो चेकसाठी वीस मुलं रांगेत. बाकीचे एएफआय एअरलाइनच्या कॉलची वाट बघत असतात, कॉल आला की बॅग भरतात. त्यांचा दोष नाही, पण तुमचं रोस्टर कोलमडतं.

डीजीसीएने, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियामकाने, ऑक्टोबर २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ए डबल प्लस आणि ए प्लस या वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही. यादी बघाच, पण टपरीवरची सकाळ चुकवू नका. 'जवळची' म्हणूनही शाळा घेऊ नका. गोंदियाच्या बिरसी विमानतळावर ट्रेनिंग चालतं, बारामतीत चालतं, अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाची अकॅडमी उभी राहते आहे. विदर्भातल्या मुलांसाठी ही चांगली गोष्ट आहे. पण आई डबा पाठवू शकते हे काही शाळा निवडायचं कारण नव्हे.

मेडिकल नंतर बघू

नाही. मेडिकल आधी. आधी क्लास २, मग त्याहून कडक क्लास १ ची वैद्यकीय तपासणी, आणि क्लास १ 'फिट' असं कागदावर आल्याशिवाय कुणालाही एक रुपया नाही. क्लास २ वर ट्रेनिंग सुरू होतं म्हणून पुष्कळ मुलं तिथेच थांबतात. पण कमर्शियल लायसन्सला क्लास १ च लागतं. माझ्याकडे एक फार हुशार मुलगा होता, बारा लाख भरून झाल्यावर रंग ओळखण्याच्या चाचणीत अडकला. काही हजारांत ती गोष्ट आधी कळली असती. मुलाच्या नजरेत, कानात, रक्तदाबात काही असेल तर ते लपवू नका. पुढे दरवर्षी तीच तपासणी आहे.

प्रश्नसंच पाठ करणं

दुसरी मोठी चूक ही. डीजीसीएचे पेपर बहुपर्यायी, पास व्हायला सत्तर टक्के. मग मुलं जुने प्रश्न पाठ करतात. किती पाठ करतात? प्रश्न अर्धा वाचला की 'सी' म्हणतात. अशा मुलाला मी विचारतो, "सी काऊन? बी काऊन नाही?" त्यावर तो माझ्याकडेच बघत राहतो.

याची किंमत मी एकदा हवेत पाहिली आहे. इन्स्ट्रक्टर म्हणून माझी सुरुवातीची वर्षं, मे महिना, विदर्भातलीच एक धावपट्टी. दुपारचा दीड वाजलेला. सकाळची सॉर्टी रद्द झाली होती, मुलाचे तास मागे पडलेले, तो म्हणाला, "सर, आता जाऊ ना." मी हो म्हणालो. ते मी म्हणायला नको होतं. सेसना १५२, टाक्या भरलेल्या, आत आम्ही दोघं. पारा पंचेचाळीसला.

विमान नेहमीच्या खुणेपाशी उठलं नाही. त्याच्या बरंच पुढे जाऊन उठलं, तेही नाखुशीने. चढण्याचा वेग दाखवणारी सुई मिनिटाला दोनशे फुटांच्या खाली थरथरत होती, ऑइल टेम्परेचर लाल रेषेकडे सरकत होतं आणि समोर बाभळींची रांग मोठी मोठी होत होती. मुलाने जे कुणीही करेल तेच केलं: झाडं टाळायला नाक वर ओढलं. स्टॉल वॉर्निंगचा भोंगा, म्हणजे वेग घटून पंखांची उचल संपत आल्याचा इशारा, केकाटायला लागला. मी कंट्रोल घेतला आणि नाक खाली दाबलं, बाभळींच्या दिशेने. स्पीड यायला जी काही सेकंदं लागली ती मला आजही आठवतात. शेंड्यांवरून आम्ही निघालो तेव्हा पानं स्पष्ट दिसत होती.

खाली उतरल्यावर मी त्याला विचारलं, "डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणजे काय?" त्याने व्याख्या धडाधड म्हणून दाखवली, एक शब्द चुकला नाही. मेटमध्ये त्याला अठ्ठ्याऐंशी मार्क होते. "आज किती होती?" यावर तो गप्प.

डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणजे हवा जितकी विरळ, त्यावरून विमानाला जाणवणारी उंची. हिशेब दोन मिनिटांचा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण हजार फुटांवर. त्या उंचीचं प्रमाण तापमान १३ अंश. पारा ४५ असेल तर ३२ अंश जास्त. प्रत्येक अंशाला सुमारे १२० फूट धरले की ३,८०० फुटांच्या वर जातं. त्यात जमिनीचे हजार मिळवा. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी सोनेगावची, म्हणजे नागपूर विमानतळाची, धावपट्टी विमानाच्या दृष्टीने महाबळेश्वरच्याही वर जाऊन बसते. हवा विरळ, म्हणून पंखाला उचल कमी, प्रोपेलरला पकड कमी, इंजिनला दम कमी. हे ज्याने एकदा हाताने मांडलं तो दुपारी दीड वाजता टाक्या भरून निघत नाही.

म्हणून माझ्या वर्गात पर्याय हाताने झाकायचे, उत्तर आधी वहीत काढायचं, मग हात उचलायचा. आणि रोज सकाळी व्हीएएनपीचा, म्हणजे आपल्या नागपूर विमानतळाचा मेटार (हवामानाचा अहवाल) वाचून त्या दिवसाची डेन्सिटी अल्टिट्यूड वहीच्या मागच्या पानावर लिहायची. पहिले पंधरा दिवस मुलं कुरकुर करतात. काही जण कोर्स सोडून तीस दिवसांत पेपर पास करून देणाऱ्यांकडे जातात. त्यांना मी थांबवत नाही, पण ते पुढे क्रॉस कंट्रीला, म्हणजे दूरच्या उड्डाणाला, एकटे जाणार आहेत, याची काळजी वाटते.

नेव्हिगेशन, मेट आणि रेग्युलेशन्स हे तीन पेपर तरी फ्लाइंगला जाण्याआधी काढा. हॉस्टेलचं भाडं भरत, सॉर्टी सोडून पेपरचा अभ्यास करणारी मुलं मी फार पाहिली.

थोडक्यात आणखी काही

नोकरीची हमी देणारा एजंट: फोन ठेवून द्या. लायसन्स डीजीसीए देतं, नोकरी एअरलाइन देते, एजंट फक्त पावती देतो.

फक्त तासाचा दर बघणं: लँडिंग चार्ज, हॉस्टेल, युनिफॉर्म, स्किल टेस्ट, मल्टी-इंजिन रेटिंग, इन्स्ट्रुमेंट (फक्त उपकरणं बघून उडवण्याचं) रेटिंग हे सगळं मिळवून एकूण आकडा लेखी घ्या.

परदेशात लवकर होतं म्हणून जाणं: हवा आणि विमानं मिळतात, तास भराभर होतात हे खरं. पण परत आल्यावर लायसन्स भारतीय करून घ्यायचं असतं, त्याचे पेपर आणि चेक वेगळे. तो वेळ आणि पैसा हिशेबात धरूनच तुलना करा.

नोकरीचा पत्ता नसताना टाइप रेटिंग (एका ठरावीक विमानाची परवानगी) घेणं: यावर माझं मत कडक आहे. लायसन्स हातात आलं की मुलांना धीर राहत नाही, लगेच एअरबस ए३२० चं रेटिंग विकत घ्यायचं असतं, आणखी काही लाख कर्ज काढून. जागा निघाली नाही तर रेटिंग तसंच पडून राहतं आणि चालू ठेवायला पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चेक, पुन्हा पैसे. एअरलाइनचं पत्र हातात येऊ द्या.

लॉगबुक

न उडालेले तास लिहिण्याला या क्षेत्रात 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. असे तास कुणी देऊ केले तर ती शाळाच सोडा. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स घेतलेले पायलट पकडले गेले तेव्हा अटका झाल्या होत्या. आणि पोलीस बाजूला ठेवले तरी, न उडालेला तास तुम्हाला क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, उतरवू शकत नाही.

पण प्रामाणिक मुलंही इथे चुकतात. दोनशे तास पूर्ण झाले म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. दोनशेच्या आत पोटहिशेब आहे: १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेले), त्यात क्रॉस कंट्रीचे २० आणि त्यातलं एक उड्डाण किमान ३०० नॉटिकल मैलांचं, १० तास इन्स्ट्रुमेंट, ५ तास रात्रीचे आणि रात्रीचे दहा टेक-ऑफ, दहा लँडिंग. मी मुलांना लॉगबुकाच्या आतल्या कव्हरला पेन्सिलने हा तक्ता आखायला लावतो. रोज संध्याकाळी, बूट काढायच्या आधी, त्या दिवसाचा आकडा त्यात भरायचा. ईजीसीए, म्हणजे डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरची नोंदही त्याच आठवड्यात मंजूर करून घ्यायची. इन्स्ट्रक्टर नोकरी सोडून गेला की मंजुरीसाठी त्याच्यामागे फिरावं लागतं.

यवतमाळच्या एका मुलाने हा तक्ता आखला नव्हता. दोनशे एक तास झाले, त्याने घरी पेढे वाटायला सांगितले, सामान बांधलं. अर्ज भरताना कळलं की रात्रीची लँडिंग नऊच आहेत. तोवर पावसाळा लागला होता. एका लँडिंगसाठी तो सात आठवडे हॉस्टेलच्या खोलीत बसून राहिला.