जर्मन रिस्लिंग घेताना आधी अल्कोहोलचा आकडा बघा

जर्मन वाइन म्हणजे गोडच असणार असं धरून बरेच जण रिस्लिंग, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन, बाजूला ठेवतात, असं नका करू प्लीज. लेबलवर 'ट्रोकन' लिहिलं असेल तर ती ड्राय, म्हणजे गोड नसलेली, 'फाइनहर्ब' असेल तर किंचित गोडसर, आणि यातलं काहीच नसेल तर सरळ अल्कोहोलचा टक्का शोधा, बारीक अक्षरात असतो. साडेसात ते नऊच्या आसपास असेल तर द्राक्षातली बरीच साखर आंबवताना तशीच राहिलीये म्हणजे गोड लागणार, बाराच्या पुढे असेल तर बहुतेक ड्राय.

लेबलवर दिसणारं 'श्पेटलेजे' म्हणजे उशिरा तोडलेली द्राक्षं, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. १७७५ साली जर्मनीतल्या योहानिसबर्गच्या मळ्यात तोडणीची परवानगी आणणारा घोडेस्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षांना बुरशी धरलेली, तरी वाइन अप्रतिम झाली असं सांगतात. पण श्पेटलेजे ट्रोकनही मिळते, त्यामुळे नुसत्या त्या शब्दावरून ती गोड असेल असं धरू नका.

सुरुवात मोझेल नदीच्या भागातल्या 'काबिनेट' या हलक्या प्रकाराने करा, स्लेट दगडाच्या उभ्या चढावरची, हलकी, आंबटगोड. आपल्या तिखट जेवणासोबत तर मस्तच जाते, फक्त चांगली गार करून घ्या.