बाइकची चिपवाली जादा चावी: पातं कापण्याआधी नोंदणीचा विचार करा

दोनपैकी एक चावी हरवली की लगेच नवी करून घ्या. ‘अजून एक आहे ना’ म्हणून दिवस ढकलू नका. हातात एक चालू चावी असते तोवर हे काम सोपं असतं. शेवटची नोंदलेली, म्हणजे गाडीला ओळखीची असलेली चावी गेली, की बऱ्याच गाड्यांत प्रकरण थेट ईसीयू (इंजिन चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) बदलण्यापर्यंत जातं.

चिपवाल्या चावीचे दोन स्वतंत्र भाग असतात. पातं कुलूप फिरवतं. प्लॅस्टिकच्या डोक्यात बसवलेल्या चिपला बॅटरी नसते. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती अँटेनाची एक गोल गुंडाळी असते. चावी फिरवली की ती गुंडाळी चिपला ऊर्जा देते, चिप आपला कोड पाठवते आणि तो इम्मोबिलायझर या चोरीरोधक प्रणालीकडच्या नोंदीशी जुळला तरच इंजिन सुरू होतं. म्हणून नुसतं पातं कापलेल्या चावीने टाकीचं झाकण आणि सीट उघडते, हँडल लॉकही निघतं, पण गाडी सुरू होत नाही. अशी बिनचिपची साधी चावी सीट आणि टाकीपुरती जवळ ठेवायला चांगली असते. मात्र तिला जादा चावी समजून निर्धास्त राहू नका.

कोरी चावी घेताना

पात्याची खोबण डावीकडे आहे की उजवीकडे, हे जुन्या चावीशी ताडून बघा. होंडाच्या एकाच दिसणाऱ्या चाव्यांत दोन्ही प्रकार येतात आणि चुकीचा प्रकार लॉकमध्ये शिरतच नाही. दुसरी तपासणी चिपची. ऑनलाइन मिळणाऱ्या अनेक कोऱ्या चाव्यांच्या डोक्यात चिपची जागा असते, चिप नसते. वर्णनात चिपचा प्रकार स्पष्ट लिहिलेला नसेल तर ती चावी घेऊ नका. होंडाच्या एचआयएसएस (होंडाची इम्मोबिलायझर प्रणाली) असलेल्या बऱ्याच मॉडेलांना आयडी ४६ जातीची चिप लागते; इतर गाड्यांची जात मॉडेल आणि वर्ष सांगून खात्री करून घ्या. दुसऱ्या गाडीवर आधी नोंदलेली चिप स्वस्तात मिळाली तरी नको. काही चिपा एकदा नोंदल्या की कुलूपबंद होतात आणि नव्या गाडीत बसतच नाहीत.

पातं शक्यतो चावीच्या नंबरावरून कापून घ्या. हा नंबर गाडीसोबत आलेल्या छोट्या धातूच्या पट्टीवर किंवा चावीवरच कोरलेला असतो. जुन्या चावीवरून कापलं तर तिची झीजही नव्या चावीत उतरते आणि चावी अडकत अडकत फिरते. कापून झाल्यावर इग्निशन, सीट आणि टाकी, तिन्ही कुलपांत फिरवून बघा. नोंदणी त्यानंतरच. नोंदणी झाल्यावर पात्याला कानस लावावी लागली, तर कंपनाने आणि उष्णतेने चिप खराब होण्याचा धोका विनाकारण ओढवतो.

नोंदणी: इथेच काम बिघडतं

बहुतेक सल्ल्यांत एक गोष्ट सांगायची राहते. अनेक गाड्यांत नवी चावी नोंदायला सुरुवात केली, की आधीच्या चाव्यांची नोंद पुसली जाते. नवी चावी चालायला लागते, आणि घरी ठेवलेली जुनी चावी त्याच क्षणी निकामी होते. म्हणून नोंदणीच्या दिवशी गाडीच्या सगळ्या चाव्या एकत्र आणा. घरातल्या कुणाकडे असलेली, बॅगेच्या कप्प्यात विसरलेली, सगळ्या. एकही चावी मागे राहणार असेल तर काम पुढच्या वेळेवर ढकला.

होंडाच्या एचआयएसएसमध्ये एक आधी नोंदलेली चावी लागतेच, आणि प्रणालीत जास्तीत जास्त चार चाव्या बसतात. ज्या मॉडेलांत तपासणी अॅडॉप्टर वापरतात, तिथे क्रम असा:

१. इग्निशन बंद ठेवून पल्स जनरेटरचा (इंजिनच्या फिरण्याचा इशारा देणाऱ्या सेन्सरचा) कनेक्टर सोडवा आणि वायरिंगकडच्या बाजूला अॅडॉप्टर जोडा. अॅडॉप्टरच्या क्लिपा बॅटरीला लावा.

२. नोंदलेली चावी घालून इग्निशन चालू करा. मीटरवरचा एचआयएसएस दिवा पेटून स्थिर राहील.

३. बॅटरीवरची लाल क्लिप किमान २ सेकंद काढा आणि पुन्हा लावा. दिवा सुमारे २ सेकंद पेटून राहील, मग चार-चार वेळा लुकलुकत राहील. गाडी आता नोंदणीच्या अवस्थेत आहे, आणि आत असलेली चावी सोडून बाकी सगळ्यांची नोंद पुसली गेली आहे.

४. इग्निशन बंद करून ती चावी काढा, नवी घाला, चालू करा. दिवा पुन्हा २ सेकंद पेटून चार-चार वेळा लुकलुकला, तर नोंद झाली. प्रत्येक चावीला हेच करा. जुन्या जादा चाव्यांनाही.

५. इग्निशन बंद, अॅडॉप्टर बाहेर, कनेक्टर परत जागेवर. मग एखाद्या नोंदलेल्या चावीने इग्निशन चालू करा, म्हणजे प्रणाली नेहमीच्या अवस्थेत येते.

चौथ्या पायरीत एक चूक फार जण करतात. हातातल्या बाकीच्या चाव्या लॉकपासून किमान ५० मिलिमीटर लांब हव्यात, नाहीतर अँटेनाला दोन चिपांचे कोड एकदम मिळतात आणि काहीच नोंदलं जात नाही. चाव्या एकाच रिंगमध्ये अडकवून नोंदणी करू नका. प्रत्येक चावी सुटी करा आणि बाकीच्या चार पावलं दूर ठेवा.

अॅडॉप्टरशिवाय पल्स जनरेटरच्या वायरींना घरगुती तार लावून १२ व्होल्ट देण्याचे व्हिडिओ बरेच फिरतात. ते करू नका. वायरींचे रंग मॉडेलप्रमाणे बदलतात, आणि धन-ऋण उलट झालं तर पणाला ईसीयू लागतो. अॅडॉप्टर भाड्याने मिळवा किंवा ते असलेल्या मेकॅनिककडे जा. बॅटरी आधी पूर्ण चार्ज केलेली असावी. मध्येच व्होल्टेज बसलं तर जुन्या चाव्यांची नोंद पुसलेली आणि नवीची झालेली नाही, अशा मधल्याच अवस्थेत गाडी अडकते.

यामाहाची पद्धत वेगळी आहे. तिथे लाल डोक्याची एक नोंदणी-चावी आणि काळ्या डोक्याच्या दोन रोजच्या चाव्या मिळतात. लाल चावीने इग्निशन चालू करून बंद करा, ती काढा, आणि ५ सेकंदांच्या आत पहिली काळी चावी घालून चालू करा. दिवा भरभर लुकलुकायला लागला की ती नोंदली गेली आणि आधीच्या काळ्या चाव्यांची नोंद गेली. मग बंद करून पुन्हा ५ सेकंदांच्या आत दुसरी काळी चावी. दुसरी चावी चालू करण्याआधीच दिवा लुकलुकायचा थांबला तर दुसरी राहिली असं समजा आणि लाल चावीपासून पुन्हा सुरुवात करा. चाव्या हाताशी, क्रमाने मांडून ठेवल्याशिवाय ही ५ सेकंदं पुरत नाहीत.

लाल चावी रोजच्या वापरात आणू नका. ती हरवली तरी काळ्या चाव्यांनी गाडी सुरू होत राहते, पण नवी चावी कधीच नोंदता येत नाही. त्यानंतर नोंदणीची गरज पडली, तर कंपनीच्या हिशेबाने संपूर्ण इम्मोबिलायझर संच बदलणं एवढाच मार्ग असतो. केटीएमच्या ज्या मॉडेलांत नारिंगी चावी येते, तिथेही नव्या काळ्या चाव्या चालू करायला तीच लागते. तिलाही तितकंच जपा.

लाल चावी गेली आणि काळी शाबूत आहे, अशा वेळी क्लोनिंगचा विचार करा. चावीवाल्याचं यंत्र चालू चावीची चिप वाचतं आणि तोच कोड खास कोऱ्या चिपेवर उतरवतं. गाडीला ती जुनीच चावी वाटते, त्यामुळे नोंदणीही नाही आणि काही पुसलंही जात नाही. दर वेळी तोच कोड पाठवणाऱ्या, स्थिर कोडच्या चिपेला हे सहज जमतं. दर वेळी वेगळं, सांकेतिक उत्तर देणाऱ्या गुप्तलिपीच्या चिपेला मात्र त्या जातीची सोय असलेलं यंत्र हवं, म्हणून काम देण्याआधी तुमच्याच मॉडेलचं नाव घेऊन विचारा.

चालत नसेल तर

चावी फिरत नसेल तर दोष पात्याचा. फिरते, स्टार्टरही घेतो, पण इंजिन पकडत नाही किंवा इम्मोबिलायझरचा दिवा लुकलुकत राहतो, तर दोष चिपचा. खात्रीसाठी नोंदलेल्या चावीचं डोकं लॉकच्या तोंडाला चिकटवून धरा आणि नवी चावी तिच्या शेजारून फिरवा. ज्या नव्या चावीत चिप नाही, तिच्यासाठी ही चाचणी अगदी नेमकी आहे: गाडी सुरू झाली तर पातं ठीक आहे, फक्त चिप राहिली. नव्या चावीत चिप असेल तर दोन कोडांची गल्लत होऊ शकते, म्हणून तिथे या चाचणीवर निर्णय घेऊ नका.

चालू चावीची चिप काढून ती अँटेनाच्या गुंडाळीपाशी कायमची चिकटवून टाकण्याचा सल्लाही मिळेल. तो मानू नका. गाडी त्यानंतर कुठल्याही साध्या कापलेल्या चावीने सुरू होते, म्हणजे चोरीपासूनचं संरक्षण तुम्ही स्वतःच काढून टाकलेलं असतं.

काम झाल्यावर प्रत्येक चावीने इंजिन प्रत्यक्ष सुरू करून बघा, दिव्यावर भागवू नका. दोन इम्मोबिलायझर चाव्या एका रिंगमध्ये ठेवू नका. चावीचा नंबर असलेली धातूची पट्टी आणि लाल चावी गाडीच्या सीटखाली नको, घरी ठेवा. जुनी गाडी विकत घेत असाल तर व्यवहार पुरा होण्याआधी या दोन गोष्टी मागा, आणि लाल चावी नसेल तर इम्मोबिलायझर संचाची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करायला सांगा.