गोगँचं ‘महाना नो आतुआ’ बघायचं कसं

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँचं हे १८९४चं चित्र (नावाचा अर्थ ‘देवाचा दिवस’) शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, साधारण ६८ बाय ९१ सेंटीमीटर, म्हणजे वाटतं तेवढं मोठं नाहीये. बहुतेकांची नजर आधी मधल्या मूर्तीवर जाते आणि तिथेच संपते. तुम्ही आधी खालचं पाणी बघा.

मोबाईलवर बघत असाल तर झूम करून फक्त खालचा भाग ठेवा, आणि मग घाई करू नका. गुलाबी, पिवळे, केशरी, निळे, गडद हिरवे असे वेडेवाकडे डाग एकमेकांना चिकटून बसलेत, कडा ठळक, आणि वर जे दिसतंय त्याचं सरळ प्रतिबिंब शोधायला गेलात तर मिळत नाही. हे पाणी आहे हे कळतं कशावरून, तर काठावरच्या बाईने त्यात पाय सोडलेत म्हणून! १८९४ मध्ये कुणी पाणी असं रंगवावं हे मला आजही थक्क करतं.

आता जरा वर या. गुलाबी वाळूवर तिघं जण आहेत, मधली बसलेली आणि दोन बाजूंना अंग आखडून झोपलेले दोघं. बरेच अभ्यासक यात जन्म, जगणं आणि मरण बघतात. पटलं तर घ्या, पण आधी नुसते आकार बघा, एक आपल्याकडे तोंड करून आणि एक पाठ करून, त्यामुळे तोल कसा साधलाय ते.

मूर्ती सगळ्यात शेवटी. ती हिना, ताहिती या पॅसिफिकमधल्या बेटावरची जुनी देवी; डावीकडे डोक्यावर नैवेद्य घेतलेल्या बायका, उजवीकडे नाच. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, हे डोळ्यांनी बघून काढलेलं ताहिती नाही. गोगँ १८९१ मध्ये तिथे पोचला तेव्हा ते बेट १८८० पासून फ्रेंच वसाहत होतं, लोक कधीचे ख्रिश्चन झालेले, अशी पूजा उरलीच नव्हती. हे चित्र तर त्याने फ्रान्सला परत आल्यावर रंगवलं. तिथल्या अगदी कोवळ्या वयाच्या मुलींना त्याने बायको म्हणून ठेवलं होतं, तेही माहीत असू द्या, चित्र आवडलं तरी.

हे जमलं की बॉस्टनमधलं त्याचं १८९७-९८चं ‘आपण कुठून आलो? आपण काय आहोत? आपण कुठे चाललोय?’ हे चित्र घ्या, पावणेचार मीटर रुंद आहे, आणि ते उजवीकडच्या बाळापासून सुरू करून डावीकडे बघत जायचं.