योस्सी बेनायूनची कारकीर्द नोंदवायची कशी

इस्रायलच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाकडून १०२ सामने, २४ गोल. योस्सी बेनायूनवरचं बहुतेक लिखाण या दोन आकड्यांपाशी सुरू होतं आणि तिथेच संपतं. पण बेरीज बघून कळणाऱ्यांतला हा खेळाडू नाही. त्याचे गोल कधी झाले, कोणत्या स्पर्धेत झाले आणि त्या क्षणी फलक काय दाखवत होता, हे मांडल्याशिवाय इस्रायलमध्ये लोकांनी त्याच्यावर इतका जीव का लावला ते कळत नाही. त्याची कारकीर्द नीट अभ्यासायची असेल, त्यावर लेख लिहायचा असेल किंवा मुलांना फुटबॉल शिकवताना त्याचा दाखला द्यायचा असेल, तर पुढची पद्धत वापरा.

आधी तक्ता तयार करा. एक सामना म्हणजे एक ओळ. रकाने असे ठेवा: तारीख, हंगाम, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, मैदान घरचं की बाहेरचं, सुरुवातीपासून खेळला की बदली, मैदानावरची मिनिटं, गोलाचं मिनिट, गोलाआधीचा स्कोअर, गोलानंतरचा स्कोअर आणि शेरा. गोलाआधीच्या स्कोअरचा रकाना लोक हमखास गाळतात, पण सगळ्यात जास्त बोलणारा रकाना तोच आहे. हंगामाच्या रकान्याला आधी ‘टेक्स्ट’ हा प्रकार द्या. इंग्रजी आकड्यांत २००७-०८ असं टाकलं की एक्सेल त्याची ऑगस्ट २००७ ही तारीख करून टाकतं आणि पुढे गाळणी (फिल्टर) लावली की अर्ध्या ओळी गायब होतात. भरपाई वेळेतल्या (वाया गेलेल्या वेळेबद्दल ९० मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या) गोलासाठी दोन कप्पे करा, एकात ९० आणि दुसऱ्यात ३. सरळ ९३ लिहिलं तर पुढे तो गोल जादा वेळेतला, म्हणजे बरोबरीनंतर खेळवल्या जाणाऱ्या ३० मिनिटांतला वाटतो.

पूर्ण कारकीर्द एकदम हाती घेऊ नका. इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबचे तीन हंगाम आधी भरा, म्हणजे जुलै २००७ ते २०१० चा उन्हाळा. सामने १३४, गोल २९. नोंदी भरपूर आहेत, चित्रफिती मिळतात आणि ताळा करणं सोपं जातं. पहिली चूक होते तीही इथेच. बऱ्याच ठिकाणी खेळाडूच्या नावाशेजारच्या चौकटीत फक्त लीगचे (इथे प्रीमियर लीगचे) सामने असतात, कपचे आणि युरोपातल्या स्पर्धांचे नसतात. त्या चौकटीत बेनायूनचे ९२ सामने आणि १८ गोल दिसतात. तेवढं उतरवून घेतलं की ११ गोल हरवतात, आणि तो ज्यांसाठी आठवणीत राहिला त्यांतले बरेच या अकरांत आहेत.

हे अकरा गोल एकेक करून शोधा, म्हणजे ताळा आपोआप होतो. २००७-०८ मध्ये सात: लीग कपमध्ये रीडिंगविरुद्ध एक, ६ नोव्हेंबर २००७ ला चॅम्पियन्स लीगमध्ये बेशिकताशविरुद्ध तीन, २६ जानेवारी २००८ ला एफए कपमध्ये हॅव्हंट अँड वॉटरलूव्हिलविरुद्ध तीन. २००८-०९ मध्ये एकच, पण तो रिआल माद्रिदच्या मैदानावर. २००९-१० मध्ये तीन: चॅम्पियन्स लीगमध्ये लियाँ आणि फिओरेन्तिना यांच्याविरुद्ध एकेक आणि युरोपा लीगच्या उपांत्य फेरीत अॅटलेटिको माद्रिदविरुद्ध एक. सात, एक आणि तीन मिळून अकरा. लीगचे गोल हंगामवार चार, आठ आणि सहा, म्हणजे अठरा. तुमच्या तक्त्याची बेरीज २९ येत नसेल तर चूक बहुधा कपच्या सामन्यांत सापडेल.

आता स्कोअरचा रकाना भरा आणि हॅटट्रिक (एका सामन्यात तीन गोल) तपासा. प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग या तिन्ही स्पर्धांत त्याच्या हॅटट्रिक आहेत, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगितली जाते ती हीच गोष्ट. बेशिकताशविरुद्ध सामना ८-० सुटला. त्याचे गोल ३२, ५३ आणि ५६ व्या मिनिटाला झाले, म्हणजे लिव्हरपूल १-० ने पुढे असताना दुसरा, तिसरा आणि चौथा. १२ सप्टेंबर २००९ ला बर्नलीविरुद्ध ४-० मध्ये कोंडी फोडणारा पहिला गोल त्याचा. बाकीचे दोन झाले तेव्हा सामना लिव्हरपूलच्या खिशात होता. याउलट हॅव्हंटसारख्या खालच्या लीगमधल्या अर्धव्यावसायिक संघाने अॅनफिल्डवर, लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, दोनदा आघाडी घेतली होती. तिथे १-२ वरून बरोबरी आणि मग ३-२ हे दोन्ही गोल बेनायूनचे. प्रतिस्पर्धी लहान म्हणून ही हॅटट्रिक हलकी धरली जाते, पण स्कोअर बघता तिन्हींत तीच सगळ्यात जड आहे.

यापुढे जाऊन २००९ चा वसंत ऋतू वेगळ्या रंगाने रंगवा. २५ फेब्रुवारीला रिआल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानावर ०-० असताना ८२ व्या मिनिटाला फाबिओ ऑरेलिओची फ्री किक आणि बेनायूनचं हेडर; सामना १-० ने जिंकला. ४ एप्रिलला फुलहमच्या मैदानावर ०-० असताना भरपाई वेळेत विजयी गोल. २१ एप्रिलला आर्सेनलविरुद्धचा ४-४ चा सामना: आर्सेनलच्या आर्शाविनने चार गोल केले म्हणून तो सामना आर्शाविनच्या नावावर ओळखला जातो, पण १-१ वरून २-१ करणारा गोल बेनायूनचा आणि ९०+३ ला ३-४ वरून ४-४ करणाराही त्याचाच. दोन महिन्यांच्या आतले हे चार गोल, आणि त्यांतला एकही सामना आधीच हातात असताना झालेला नाही. बेनायून कोण होता ते एका परिच्छेदात सांगायची वेळ आली तर हॅटट्रिक सोडा, हे चार गोल घ्या.

शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवू नका. फिओरेन्तिनाविरुद्धचा गोल डिसेंबर २००९ मधला, तेव्हा लिव्हरपूल गटातून आधीच बाहेर पडलं होतं; ते लिहा. अॅटलेटिकोविरुद्ध २९ एप्रिल २०१० ला जादा वेळेत बेनायूनने केलेला गोल लिव्हरपूलला अंतिम फेरीत नेणारा ठरला असता, पण काही मिनिटांत अॅटलेटिकोच्या फोर्लानने गोल केला आणि एकूण २-२ असूनही अॅटलेटिको पुढे गेलं. बाहेरच्या मैदानावरच्या गोलाला जास्त वजन देणारा हा नियम युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) २०२१ मध्ये काढून टाकला. आजच्या शाळकरी वाचकाला तो माहीत नसतो, आणि खुलासा नसेल तर त्याला वाटेल की तुमचाच निकाल चुकलाय.

इस्रायलमधले हंगाम भरताना एक मोठा खड्डा आहे. १९९७-९८ मध्ये हापोएल बेअर शेवाकडून बेनायूनने लीगमध्ये १५ गोल केले. जुन्या नोंदीत स्पर्धेचं नाव ‘लिगा लेऊमित’ असं दिसतं. आज या नावाची लीग दुसऱ्या दर्जाची आहे, त्यामुळे ते १५ गोल दुसऱ्या दर्जाचे म्हणून नोंदवले जाऊ शकतात. पण ‘लिगत हाअल’ ही आजची अव्वल लीग सुरू झाली १९९९ मध्ये. त्याआधी लिगा लेऊमित हीच सर्वोच्च होती. सतरा-अठरा वर्षांच्या पोराने अव्वल लीगमध्ये १५ गोल करूनही संघ त्या हंगामात खालच्या लीगमध्ये घसरला, हे तक्त्यात ठळक दिसलं पाहिजे. त्यानंतर तो मकाबी हैफाला गेला आणि तिथे २०००-०१ आणि २००१-०२ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं मिळाली. त्याआधी किशोरवयात तो नेदरलँड्समधल्या आयॅक्स क्लबच्या अकादमीत होता, पण घरची ओढ लागून वर्षाच्या आत परतला. ते लेखात घ्या, तक्त्यात नको. अकादमीचे सामने वरिष्ठ सामन्यांत मिसळत नाहीत.

शेवटच्या वर्षांतल्या इस्रायली नोंदींत आणखी एक भानगड आहे. १४ संघांची लीग २६ फेऱ्यांनंतर दोन भागांत वाटली जाते, वरचे संघ विजेतेपदासाठी आणि खालचे घसरण टाळण्यासाठी खेळतात. काही याद्या हे दोन टप्पे वेगवेगळ्या स्पर्धा म्हणून दाखवतात. दोन्हींची बेरीज करा, नाहीतर बेतार जेरुसलेमकडचे त्याचे सामने कमी भरतील.

उसनवारीच्या (करार एका क्लबशी, पण काही काळ खेळ दुसऱ्याकडून) हंगामांत हंगामाऐवजी तारखेवर भरोसा ठेवा. जुलै २०१० मध्ये तो चेल्सीकडे गेला, पण शरद ऋतूतच टाचेच्या वरची शीर तुटली आणि जवळपास सहा महिने गेले. त्या काळातल्या कमी सामन्यांचं कारण ‘निवड झाली नाही’ असं लिहू नका. ३१ ऑगस्ट २०११ ला, खरेदीची मुदत संपायच्या दिवशी, तो आर्सेनलकडे उसना गेला. २०१२-१३ चा पहिला भाग वेस्ट हॅमकडे उसना आणि जानेवारी २०१३ पासून पुन्हा चेल्सी. हा हंगाम तक्त्यात दोन तुकड्यांत येईल. करंडकांच्या रकान्यासाठी नियम आधीच ठरवा. चेल्सीने म्युनिकला चॅम्पियन्स लीग जिंकली १९ मे २०१२ ला. करारपत्रावर बेनायून चेल्सीचा होता, पण त्या मोसमात खेळला आर्सेनलकडून. सहाच दिवस आधी वेस्ट ब्रॉमविच अल्बियनविरुद्ध त्याने सुरुवातीलाच गोल केला होता, आर्सेनलने तो सामना ३-२ जिंकला आणि तिसरं स्थान पक्कं केलं. त्याच्या नावापुढे लिहायचं असेल तर हे लिहा, म्युनिकचा करंडक नको.

राष्ट्रीय संघाचे २४ गोल तीन ढिगांत वाटा: मैत्रीपूर्ण सामने, युरो पात्रता, विश्वचषक पात्रता. त्याच्या काळात इस्रायल कोणत्याच मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोचला नाही. म्हणून मोर्देखाय श्पिगलर या जुन्या पिढीतल्या इस्रायली खेळाडूशी थेट तुलना करताना जपून. श्पिगलरचे गोल ३० हून जास्त आहेत आणि १९७० च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्धचा इस्रायलचा आजवरचा एकमेव विश्वचषक गोलही त्याचाच. पण तो काळ इस्रायल आशियात खेळण्याचा. १९६४ चा आशिया चषक इस्रायलने जिंकला तेव्हा उपविजेता भारत होता. बेनायूनच्या पिढीसमोर पात्रता फेरीत फ्रान्स आणि स्वित्झर्लंड होते, कारण १९९४ पासून इस्रायल युएफाचा पूर्ण सदस्य आहे. २००६ च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात इस्रायल दहापैकी एकही सामना हरला नाही: चार विजय, सहा बरोबरी, १८ गुण. स्वित्झर्लंडचेही १८, पण गोलफरकात इस्रायल मागे पडला. ८ सप्टेंबर २००४ ला बाझेलमध्ये त्याच स्वित्झर्लंडविरुद्ध २-२ झालं, आणि इस्रायलचे दोन्ही गोल बेनायूनचे.

जन्मगावाच्या रकान्यात दिमोना लिहा, ५ मे १९८०. मराठी वाचकासाठी इथे एक ओळ जास्त लिहिण्यासारखी आहे. नेगेव वाळवंटातल्या या गावात कोकणातून गेलेले बेने इस्राएल (मराठी बोलणारे ज्यू) मोठ्या संख्येने राहतात आणि जुन्या पिढीच्या घरांत मराठी बोलली जाते. बेनायूनचं घराणं मोरोक्कोकडचं, त्याला कोकणाशी जोडू नका. गाव मात्र त्यांचं एकच.

आकडे भरून झाले की सामने बघा. गोलांची तीन मिनिटांची चित्रफीत पुरत नाही, पूर्ण सामना मिळवा. लिव्हरपूलमध्ये पहिल्या हंगामात त्याच्या पाठीवर ११ होता आणि नंतर १५, आर्सेनलकडे ३०. समालोचन बंद करून पंधरा मिनिटांचा एक तुकडा घ्या. चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हा दर वेळी थांबवा आणि चार गोष्टी टिपा: चेंडू कुठे मिळाला, खांदे कोणत्या दिशेला होते, किती स्पर्श घेतले, चेंडू पुढे गेला की मागे. मग दोन सेकंद मागे जाऊन त्याने मान वळवून बघितलं का ते पाहा. त्याची जागा कागदावर बाजूची असते, पण चेंडू तो आत सरकून, मधल्या आणि बचावाच्या फळीच्या मध्ये घेतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे त्याचं सरकणं बऱ्याचदा चौकटीबाहेर राहतं. दिसलं नाही तिथे ‘दिसलं नाही’ असंच लिहा, अंदाज भरू नका.

हे मुलांना मैदानावर शिकवायचं असेल तर १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. चार बाजूंना चार मुलं, मध्ये एक, चेंडू दोन. एका बाजूने चेंडू येईल, मधल्याने अर्धवट वळून तो मागच्या पायावर घ्यायचा आणि दुसऱ्या स्पर्शात समोरच्या बाजूला द्यायचा. मग लगेच दुसरा चेंडू. ४५ सेकंद झाले की मधला बदला, प्रत्येकाच्या चार फेऱ्या. पास देणाऱ्याने चेंडू सोडण्याआधी हाताची एक, दोन किंवा तीन बोटं वर करायची आणि मधल्याच्या पाठीमागच्या मुलानेही तसंच करायचं. मधल्याने दोघांची बेरीज ओरडून सांगायची. मान वळवली नाही तर बेरीज चुकते, आणि फसवणूक तिथेच पकडली जाते. मुलं सुरुवातीला चेंडू पुढच्या पायावर घेतात आणि अंग पास देणाऱ्याकडे बंद राहतं. त्यांना वेग कमी करायला सांगून उपयोग होत नाही, पास थोडा त्यांच्या मागे द्यायला लावा, म्हणजे अंग आपोआप उघडतं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी चौकोन १२ मीटरचा करा, नाहीतर दुसरा चेंडू येईपर्यंत पहिला पायातून सुटलेला नसतो.