बाइंड रिझल्ट : नागपुरात पीएचपीचा पहिला जॉब धरणाऱ्यांसाठी

परसोडीचा आयटी पार्क असो का धरमपेठेतलं चार टेबलांचं ऑफिस, फ्रेशरच्या वाट्याला नवं काही लिहिणं कमीच येते, बहुतेक जुना कोड सांभाळणंच असते, आणि त्या कोडात मायएसक्यूएलआयचं (पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं एक्सटेन्शन) बाइंड रिझल्ट पानोपानी भेटते. क्लासमध्ये हे घाईत उरकून टाकतात, म्हणून जरा सविस्तर सांगून राहिलो.

आधी एक घोळ मिटवा. बाइंड पॅरॅम म्हणजे आपली व्हॅल्यू क्वेरीत टाकणं, बाइंड रिझल्ट म्हणजे आलेले कॉलम व्हेरिएबलमध्ये घेणं. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे इनपुटमधून कोणी क्वेरीत आपलाच एसक्यूएल घुसवणं, पहिल्यानं अडते, दुसऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. इंटरव्ह्यूत भलेभले इथेच अडखळतात.

आता समजा कळमना मार्केटच्या संत्र्याचं टेबल आहे : तारीख, बहार, आवक, भाव. क्वेरी एक्झिक्यूट केली, चार व्हेरिएबल बांधले, की दर फेचला, म्हणजे रो उचलायच्या दर वेळी, पुढची रो त्याच चार व्हेरिएबलमध्ये येऊन बसते. नावाशी काही देणंघेणं नाही हं, फक्त क्रम पाहिला जाते. म्हणून सिलेक्ट स्टार (नावं न लिहिता सगळे कॉलम मागणं) लिहूच नका. कोणी टेबलात पाचवा कॉलम वाढवला तर एरर तरी येते, पण आवक अन् भाव यांची जागा बदलली तर काहीच बोंब होत नाही, स्क्रीनवर अंबिया बहाराचा भाव म्हणून क्विंटलची आवक दिसत राहते अन् पहिला फोन व्यापाऱ्याचाच येते.

दुसरी गोष्ट जास्त छळते. कॉलम किती ते माहीत नसलं की लोक एका ॲरेचे घटक रेफरन्सनं (व्हॅल्यूची कॉपी नाही, त्याच जागेकडे बोट) बांधतात, अन् लूपमध्ये तोच ॲरे यादीत ढकलत जातात. शेवटी पाहावं तर सगळ्या रो सारख्याच, शेवटच्या रोसारख्या! काऊन? तर ॲरेची कॉपी झाली तरी आतले रेफरन्स तेच राहतात, फेचनं एक बदललं की सगळे बदलले. लूपमध्ये फोरईच फिरवून एकेक व्हॅल्यू नव्या ॲरेत टाका, भागते.

लूपच्या आत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी मारली तर 'कमांड्स आउट ऑफ सिंक' येईल, कारण पहिल्या क्वेरीच्या रो अजून सर्व्हरकडून पूर्ण उचललेल्याच नसतात. लूपआधी स्टोअर रिझल्ट करून घ्या, म्हणजे सगळ्या रो आधीच उचलून होतात. खरं तर अशा ठिकाणी जॉइनच (एकाच क्वेरीत दोन टेबलं जोडणं) पाहिजे, पण जुन्या कोडात जॉइन घालायला सिनिअर लवकर हो म्हणत नाही 😄

नवीन काही लिहायला मिळालंच तर मी गेट रिझल्ट अन् फेच असोकच (रो कॉलमच्या नावांसकट ॲरेत देते) वापरा म्हणीन. गेट रिझल्टला आधी मायएसक्यूएलएनडी ड्रायव्हर लागायचा, तो सगळ्या होस्टिंगवर नसायचा, म्हणून तर बाइंड रिझल्टचा एवढा सुळसुळाट झाला, पीएचपी ८.२ पासून मायएसक्यूएलआयसाठी तोच ड्रायव्हर उरला आहे. पीडीओत, म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या दुसऱ्या एक्सटेन्शनमध्ये, याच कामाचं बाइंड कॉलम आहे, तिथे कॉलमचे नंबर एकपासून मोजतात, शून्यापासून नाही.