विद्यार्थी माझंच मत मला परत देत होते

डिजिटल तंत्रज्ञानाकडे चिकित्सक नजरेनं पाहायला शिकवणारा पेपर ज्यांच्याकडे पहिल्यांदाच आला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. अभ्यासक्रमाची आखणी, गुणांची विभागणी तुम्हाला ठाऊकच असेल. मी जिथे फसले तेवढंच सविस्तर सांगते. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

माझं पहिलं सत्र रंगलं होतं. दर आठवड्याला एक प्रकरण घ्यायचे. 2018 साली उघड झालेलं केंब्रिज ॲनालिटिका (फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्यांना न विचारता राजकीय प्रचारासाठी वापरणारी कंपनी), ॲमेझॉनची नोकरभरतीची प्रणाली बायकांचे अर्ज खाली ढकलायची ते, सावळ्या बायकांचे चेहरे ओळखताना प्रणाल्यांच्या होणाऱ्या चुका. मुलं चिडायची, हिरिरीनं बोलायची. मला वाटलं, शिकतायत.

शेवटच्या परीक्षेत मी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मूल्यमापन करायला सांगितलं. जवळजवळ प्रत्येक उत्तरपत्रिकेत तेच : कंपन्या डेटा चोरतात, अल्गोरिदम पक्षपाती असतात, हेतू फक्त नफा. वर्गात दृष्टी अधू असलेला एक विद्यार्थी होता. वर्षभराचं वाचन त्यानं अशाच सॉफ्टवेअरवर केलं होतं, आणि त्यानंही तेच लिहिलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्हाला हेच हवंय."

सापळा तो हाच, आणि तो शिकवणाऱ्याला दिसत नाही. मुलं तंत्रज्ञान वाचत नव्हती, मला वाचत होती. निषेध पाठ करणं आणि कौतुक पाठ करणं यात विचाराच्या दृष्टीनं काही फरक नाही. उलट निषेधाची घोकंपट्टी जास्त फसवी असते, कारण ती बुद्धिमान वाटते. घोटाळ्यांची मालिका दाखवलीत की मुलांना उत्तर आधीच कळतं. मग त्या प्रणालीच्या आत काय चालतं हे बघायची गरजच उरत नाही. तुमचा वर्ग तुमच्याशी फार लवकर सहमत होत असेल, तर थांबा.

आता मी वर्षाला दोनच प्रकरणं घेते आणि निवाड्याआधी प्रणाली हातानं चालवून बघायला लावते. इंग्लंडमधलं 2020 चं ए-लेव्हलचं, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेचं, प्रकरण यासाठी फार उपयोगी आहे. कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या, आणि शिक्षकांनी लावलेला विद्यार्थ्यांचा क्रम व शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल यांच्या आधारे एका संगणकीय सूत्रानं श्रेणी ठरवण्यात आल्या. शिक्षकांनी सुचवलेल्या श्रेणींपैकी जवळपास 40 टक्के खाली आल्या. 13 ऑगस्टला निकाल लागला, 17 ऑगस्टला ती पद्धत मागे घ्यावी लागली.

यातलं काहीही आधी सांगायचं नाही. एका काल्पनिक शाळेचे तीन वर्षांचे निकाल आणि दहा जणांचा क्रम कागदावर द्यायचा, आणि श्रेणी द्यायला सांगायचं. सगळ्यांत वरची श्रेणी त्या शाळेत कधीच कुणाला मिळालेली नसते, त्यामुळे पहिल्या क्रमांकाची मुलगी कितीही हुशार असली तरी तिथवर पोचत नाही. हे मुलांना स्वतःच्या पेन्सिलीखाली दिसतं. मग कुणीतरी विचारतं, लहान वर्गांचं काय? अगदी लहान वर्गांना शिक्षकांच्याच श्रेणी मिळाल्या होत्या, आणि असे वर्ग खासगी शाळांमध्ये जास्त. इथे वर्ग पेटतो.

पण इथेच थांबलात तर पुन्हा त्याच सापळ्यात पडाल. मुलं म्हणतात, मग शिक्षकांवरच विश्वास ठेवा. तेव्हा दुसरा कागद काढायचा : वरच्या दोन श्रेणींचं प्रमाण 2019 मध्ये सुमारे 25 टक्के होतं, शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरल्यावर ते सुमारे 38 टक्के झालं. आता काय कराल? त्यानंतर जी शांतता पसरते, तिच्यात बोलू नका. मला हे जमायला दोन वर्षं लागली.

एक प्रश्न मात्र प्रत्येक प्रकरणात विचारायला लावा : मोजायचं होतं काय, आणि प्रत्यक्षात मोजलं काय? 2019 साली 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलेल्या एका अभ्यासात दिसलं की अमेरिकेतली एक प्रणाली आजाराची गंभीरता उपचारांच्या खर्चावरून ठरवत होती. तेवढ्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्च कमी होत असे, म्हणून ते कमी आजारी ठरत. कोडमध्ये वंश कुठेच नव्हता.

संकेतस्थळाची विश्वासार्हता तपासायच्या तयार याद्या मिळतात. त्या वाटू नका. मांडणी नीटनेटकी आहे का, 'आमच्याविषयी' पान आहे का, हे सगळं फसवणारासुद्धा करतो. व्यावसायिक तथ्यतपासनीस पानावर रेंगाळत नाहीत, दुसऱ्या टॅबमध्ये जाऊन इतर त्याबद्दल काय म्हणतात ते आधी बघतात. हे शिकवायला एक तास पुरतो.

मार्गदर्शक तुमच्याशी सहमत असणारा शोधू नका. माझी प्रश्नपत्रिका संख्याशास्त्राच्या एका सहकाऱ्यानं वाचली आणि विचारलं, "याचं उत्तर 'चांगलं आहे' असं आलं तर गुण देशील?" मी गप्प झाले. तो प्रश्न मला पहिल्याच वर्षी कुणी विचारायला हवा होता.

पहिलं सत्र बिघडलं तर खचू नका, ते बहुतेकांचं बिघडतं. माझा तो विद्यार्थी पुढच्या वर्षी भेटायला आला, तेव्हा मी त्याला तोच प्रश्न पुन्हा लिहायला दिला. गणिताची सूत्रं ते सॉफ्टवेअर कशी चुकीची वाचतं, आकृत्यांपाशी कसं गप्प होतं, आणि तरी त्याच्याशिवाय पदवी का मिळाली नसती, यावर त्यानं चार पानं लिहिली. नव्या वर्गाला मी आता पहिल्या दिवशी तीच वाचायला देते, अर्थात त्याला विचारून.